चार क्रेडिट बाकी

२ जून

बारके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायच्या बेतात असशील, तर आधी निदान कामाचं तेवढं वाच. पंधरा जूनच्या आत तुझी पदवी पूर्ण झाल्याचा दाखला पदव्युत्तर प्रवेश समितीकडे पोचला नाही, तर तुझी जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल. झालं. आता फाडायचं तर फाड.

दर वर्षी याच सुमारास प्रवेश समिती माझ्या टेबलावर एक यादी आणून टाकते. आपल्याच विद्यापीठात शिकलेले अर्जदार. त्यांतल्या कोणाची पदवी खरोखर पूर्ण आहे आणि कोणाची नुसती बोलाचालीवर, ते मी तपासायचं. अठ्ठावीस वर्षं हेच करतेय. मुख्य विषयात सगळे पास असतात. घोडं अडतं ते सर्वसाधारण विषयांपाशी. पूल बांधायला शिकणाऱ्याला एक कलेचा विषय कशाला हवा, कविता शिकणारीला गणित कशाला, हे मला अठ्ठावीस वर्षं काचेच्या खिडकीपलीकडून विचारलं जातंय. मी अट कोणती आणि ती पुरी झाली का, एवढंच सांगते. कशाला, ते मलाही कोणी सांगितलेलं नाही.

यादीत तुझं आडनाव नवऱ्याचं आहे, त्यामुळे आधी नजर पुढे सरकली. पण विद्यार्थी क्रमांकाशी अडखळली. सात आकडे. तुझं पहिलं ओळखपत्र मीच तर तयार केलं होतं. तू माझ्या टेबलाला टेकून उभी होतीस आणि फोटोत डोळे मिटलेत म्हणून कुरकुरत होतीस. 'दुसरा काढायला वेळ नाही, मागे रांग आहे,' असं मी म्हटलं होतं.

क्रमांक संगणकात घातला. उत्तर आलं: पदवी अपूर्ण. सर्वसाधारण विषय, प्रयोगशाळेसह विज्ञान, चार क्रेडिट बाकी. खाली तपासणाऱ्याची आद्याक्षरं. ती कोणाची, ते तुला माहीत आहे.

तुझं हेतुपत्र वाचलं. ते वाचणं माझं काम नाही, तरी वाचलं. बारा वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत मदतनीस आहेस. मुलांना शिकवतेस तू आणि वर्गाच्या वहीवर शिक्षक म्हणून सही करतं दुसरंच कोणी, कारण तुझ्याकडे पदवी नाही. हा अभ्यासक्रम झाला तर तो वर्ग तुझा होईल. पदवी का राहिली, या प्रश्नापुढे तू लिहिलंयस, 'घरगुती कारण. राहिलेला विषय सध्या संध्याकाळच्या वर्गात करत आहे. निकाल २० जूनला.' घरगुती कारण. एवढ्या वर्षांचं सगळं तू दोन शब्दांत उरकलंस.

वीस आणि पंधरा. पाच दिवस कमी पडतात. नातं न सांगता मी समितीच्या प्राध्यापकांना फोन केला. म्हणाले, 'मुलाखतीत सगळ्यांत चांगली तीच होती हो. पण तारीख म्हणजे तारीख. एकीला पाच दिवस दिले की उद्या दहा जण दारात उभे राहतील.' मला माझाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं. शिवाय हा अभ्यासक्रम दोन वर्षांतून एकदाच सुरू होतो, तेव्हा पुढच्या वर्षीचंही सोड.

त्या वेळी जे झालं ते नियमानं झालं. विद्यार्थी ज्या वर्षी येतो त्या वर्षीची नियमपुस्तिका त्याला शेवटपर्यंत लागू. पण मध्ये वर्षभर तो गायब झाला आणि रजेचा अर्ज फाइलमध्ये नसला, तर परत आल्यावर तो नवा धरायचा आणि त्याला नवी पुस्तिका लावायची. तू आईसाठी वर्षभर घरी होतीस. अर्ज फाइलमध्ये नव्हता. नव्या पुस्तिकेत प्रयोगशाळेची अट आली होती, जुनीत नव्हती. यात माझं काय चुकलं?

तुझा पत्ता तुझ्या अर्जातून उतरवून घेतला. हे नियमाबाहेरचं आहे. माझ्या नोकरीतलं पहिलंच, असं लिहिणार होते.

ताई

४ जून

बारके,

तुझं उत्तर येण्याइतके दिवस झालेले नाहीत, हे कळतंय मला. तरी लिहिते.

काल संध्याकाळी सुटल्यावर तुझा तो संध्याकाळचा वर्ग भरतो त्या विज्ञान इमारतीत गेले. माझे गुडघे आता कामातून गेलेत. तीन जिने मी कोणासाठी चढत नाही, कुलगुरूंनी बोलावलं तरी लिफ्ट चालू होईपर्यंत खाली बसते. काल चढले. दाराच्या काचेतून दिसलीस. अंगात कोणाचा तरी मोठा पांढरा कोट, डोळ्यांवर तो प्लास्टिकचा चष्मा, केस बांधलेले. तुझे केस पिकलेत. मला वाटत होतं, पिकायचं काम या घरात मी एकटीनंच केलंय.

आजूबाजूला सगळी अठरा-एकोणिसाची पोरं. तुझी जोडीदार ती किडकिडीत मुलगी, कानात काहीतरी घालून डुलणारी. तू तापमापी वाचत होतीस आणि ती आकडे लिहीत होती. आकडा पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आला असावा, कारण तिनं खोडरबर उचललं. तू म्हणालीस, 'अगं, दिसतंय ते लिही. हवं ते नको.'

मी आल्या पावली उतरले. उतरताना जास्त दुखतं.

म्हणजे गेले चार महिने, आठवड्यातून दोनदा, तू माझ्या कचेरीच्या समोरच्या इमारतीत येतेस. माझी खिडकी तुला जिन्यावरून दिसत असणार. एकदाही वळली नाहीस. तुझं बरोबर आहे. मीही एकवीस वर्षांत कुठे आले?

खिडकीवरचा तो दिवस तुला माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल. तू बावीस वर्षांची होतीस. पदव्युत्तरला निवड झाल्याचं पत्र हातात घेऊन थेट माझ्या खिडकीशी आलीस, मला पहिलं दाखवायला. आणि मी तुझी फाइल काढून तुला सांगितलं की चार क्रेडिट बाकी आहेत. तू म्हणालीस, 'ताई, रजेचा अर्ज मी तुझ्याकडेच दिला होता. तूच म्हणालीस, मी नेऊन देते.' मागे वीस-पंचवीस जणांची रांग. मी म्हटलं, 'खोटं बोलू नकोस. दिला असतास तर फाइलमध्ये असता.' मागून कोणीतरी हसलं.

मला वाटलं, लोक म्हणतील, बहिणीसाठी नियम वाकवते. म्हणून परक्याशी बोलले नसते इतकं तोडून तुझ्याशी बोलले. त्या संध्याकाळी तू बॅग भरलीस. आई पलंगावरून विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

पण मला तू खोटं बोलतेस असं खरंच वाटत होतं. त्या दिवशी तरी.

ताई

७ जून

बारके,

तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसते आणि ताटाखाली घालून ठेवते. आज मात्र लिहून टाकते, नाहीतर पंधरा तारीख माझी वाट बघायची नाही.

आईच्या पलंगाशेजारच्या कपाटावर औषधांच्या वेळांचा कागद चिकटवलेला असायचा, आठवतो? पहाटे पाच, सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री दहा. अक्षर माझं. तू वर्षभर त्या कागदाकडे बघून आईला औषधं दिलीस, दिवसातून पाच वेळा. मी नोकरी सोडू शकत नव्हते, म्हणून तू वर्ष सोडलंस. ते कोणी तुला सांगितलं नव्हतं. तू आपणहून म्हणालीस, 'तू जा ताई, मी बघते.'

तू गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी औषधं बदलली. नवा कागद लावायचा म्हणून मी जुना सोडवला. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी होती, हळूच सोडवावा लागला. उलटा केला. मागे तुझं नाव. तुझे सात आकडे. 'आईच्या आजारपणामुळे एक वर्षाची रजा मंजूर व्हावी.' तुझी सही, तारीख.

मग आठवलं. सकाळी चहाच्या वेळी तू दिलेला अर्ज मी पिशवीत टाकला. त्याच दिवशी आईला दवाखान्यातून घरी आणलं. संध्याकाळी डॉक्टर फोनवर भराभरा वेळा सांगत होते आणि मी पिशवीत हात घालून मिळाला तो कोरा कागद काढला. एका बाजूनं कोरा. त्यावर वेळा लिहिल्या आणि कपाटावर चिकटवला. तुझ्या नावाची बाजू आत.

कचेरीतली बाई मी. दुसऱ्यांच्या कागदाला डाग पडला तरी कपाळावर आठ्या. आणि तुझा अर्ज मी औषधांच्या कामाला लावला. वर्षभर तो तुझ्या डोळ्यांसमोर होता आणि तुला ठाऊक नव्हतं.

इथवरची चूक कोणाकडूनही होते. मीही तशीच समजूत घालते स्वतःची. पण पुढची होत नाही. कागद हातात होता तेव्हा पदव्युत्तर प्रवेश बंद व्हायला अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत जाऊन मी म्हटलं असतं, 'चूक माझी, हा घ्या अर्ज,' तर त्याच आठवड्यात तुझी पदवी झाली असती. त्याच महिन्यात मला तपासणी विभागाची मुख्य करायचं घाटत होतं. स्वतःच्या बहिणीचा कागद हरवणारीला त्या खुर्चीत कोण बसवणार? मी मूग गिळून बसले. अकरा दिवस एक-एक करून जाऊ दिले. बाराव्या दिवशी म्हटलं, आता सांगून काय उपयोग. ते पुढे रोज म्हणता येतं, बारके. सवय होते.

आई विचारायची, 'बारकी का येत नाही?' मी म्हणायचे, 'तिचा स्वभाव तसा आहे.' हेही लिहायलाच हवं होतं.

आई गेली तेव्हा तू आलीस. दाराशी उभी राहून तिला बघितलंस आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता परत गेलीस. तो कागद तेव्हा माझ्या पर्समध्ये होता. तुझ्यापासून चार हातांवर.

मला लाज वाटते. हे लिहून माझं ओझं उतरेल असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही. तू खरं बोलत होतीस. अर्ज तू दिला होतास. मी खोटी होते, आणि तुला खोटं पाडून सुखानं त्या खुर्चीत बसले. सुखानं म्हणजे, बसले.

ताई

९ जून

बारके,

सोबत नोंद दुरुस्तीचा फॉर्म आहे. मी दोन जागी पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथे सही कर. फॉर्मवर विद्यार्थ्याची सही लागतेच, त्याशिवाय कागद हलत नाही. तुझ्या रजेचा मूळ अर्ज मी काल जोडला. तो मान्य झाला की तुला जुनी पुस्तिका लागेल. जुन्या पुस्तिकेत प्रयोगशाळा नाही. म्हणजे तुझी पदवी एकवीस वर्षांपूर्वीच पूर्ण झालेली आहे आणि वीस तारखेच्या निकालासाठी थांबायची गरज नाही.

काल आमच्या कचेरीच्या प्रमुख मॅडमकडे गेले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, हुशार आहेत, त्यांनी दोन्ही बाजूंनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, 'ताई, निवृत्तीला सात आठवडे राहिलेत. हे आता कशाला उकरून काढताय?'

'बहिणीचा प्रवेश अडलाय.'

'मग सोपं आहे. त्रुटी कोणाची, या रकान्यात कार्यालयाची असं लिहा. मी सही करते. कोणाची म्हणून कोणी विचारणार नाही. त्या वेळचे सगळे केव्हाच घरी गेले.'

खरं सांगू? लिहिलं मी. 'कार्यालयाची' असं पूर्ण लिहिलं. तुझं काम झालं असतं आणि माझ्याही अंगाला काही लागलं नसतं. मग ती किडकिडीत पोरगी आठवली, खोडरबर घेऊन बसलेली. मॅडमकडून दुसरा फॉर्म मागून घेतला. त्यात माझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि खाली निवेदन जोडलं: अर्ज माझ्या ताब्यात होता, तो मला सापडला ती तारीख, आणि सापडूनही मी तो दिला नाही. मॅडम म्हणाल्या, 'चौकशी लागेल.' म्हटलं, लागू दे. 'निरोप समारंभाचं काही खरं नाही मग.' म्हटलं, भाषणं ऐकायला माझ्या पाठीत जोर तरी कुठे आहे.

शेजारच्या टेबलावर आमचा शिक्का बसतो. दिवसभर शिक्के मारतो म्हणून त्याला सगळे शिक्काच म्हणतात. त्याला सगळं कळलं होतं, भिंती काय जाड असतात. दुपारी चहा ठेवून म्हणाला, 'माझा भाऊ पण बोलत नाही माझ्याशी. पण माझ्याकडे जोडायला असा कागदसुद्धा नाही.'

बाकी सगळ्या सह्या बारा तारखेपर्यंत होतील. तुझीच तेवढी राहिली.

ताई

१३ जून

बारके,

आज तेरा. तुझा फॉर्म नाही. पोस्टात अडकला असेल असं मी काल म्हटलं, आज म्हणवत नाही.

मी दमलेय. सकाळी चौकशी अधिकाऱ्यांनी दीड तास बसवून ठेवलं. तेच प्रश्न तीनदा. 'कागद सापडला तेव्हा आपली मनःस्थिती काय होती?' मी म्हटलं, 'घाबरट.' ते म्हणाले, 'असं लिहिता येणार नाही.' शेवटी 'द्विधा' लिहिलं. मी द्विधा वगैरे काही नव्हते.

तुला माझी मदत नको असेल, हे मी समजू शकते. माझ्या हातून काही घेण्यापेक्षा जागा गेली तरी चालेल, असं तुझ्या मनात असेल. तू लहानपणापासून तशीच. खाऊ मी वाटला तर तोंड फिरवायचीस, दुसऱ्या कोणी दिला तर घ्यायचीस. पण बारके, ही मदत नव्हे. तुझंच आहे ते, मी दाबून ठेवलं होतं. आणि तो वर्ग, ती मुलं, त्यांचं काय? माझ्यावरचा राग माझ्यावर काढ. आयुष्यभर काढ. त्यांच्यावर कशाला?

सही म्हणजे माफी नव्हे. मी तो फॉर्म अठ्ठावीस वर्षं हाताळलाय, त्यात माफीचा रकाना नाही. दोन फुल्या आहेत. सही करून पाकिटात घाल, आत एक अक्षर लिहू नकोस. मी तुझ्या वाटेला परत येणार नाही.

परवा पाचला खिडकी बंद होते.

ताई

१७ जून

बारके,

परवा तू होतीस तिथे, मग हे लिहायचं कशाला, असं वाटेल तुला. पण तू काचेच्या त्या बाजूला होतीस. या बाजूचं सांगते.

चार वाजून गेले होते. मी आशा सोडली होती. मान खाली घालून एकेकाचं काम उरकत होते. 'पुढचं कोण' म्हटलं आणि काचेखालून फॉर्म सरकला. पेन्सिलीच्या दोन फुल्या, त्यांवर दोन सह्या. सही अजून तशीच आहे तुझी, शेवटच्या अक्षराला शेपूट. मी वर बघितलं नाही. धीर झाला नाही. आणि तोंडातून काय निघावं? 'ओळखपत्र.'

अठ्ठावीस वर्षांची सवय, दुसरं काय. नंतर मी जीभ चावली. पण तू निमूट पर्स उघडून काढलंस. जुनंच. कडा झिजलेलं, डोळे मिटलेला फोटो. ते तू जपून ठेवलंयस, हे मला माहीत नव्हतं.

मग मी उठून उभी राहिले. तुला वाटलं असेल, म्हातारीला काहीतरी झालं. मी ठरवून काही केलं नाही. मागे रांग दिसली, तेव्हा होती तेवढीच, आणि तोंडातून निघून गेलं. 'ऐका जरा. एकवीस वर्षांपूर्वी याच खिडकीवर मी या बाईंना खोटारडी म्हटलं होतं. त्या खरं बोलत होत्या. यांचा अर्ज माझ्याकडे होता.' सगळे मोबाईलमधून डोकं वर काढून बघायला लागले. तुझ्यामागची मुलगी म्हणाली, 'बरं, पण माझं काम पाचच्या आत होईल ना?'

तू हसलीस का गं? मला नीट दिसलं नाही, चष्म्याच्या आत पाणी होतं. पण ऐकू आलं. तू म्हणालीस, 'बस आता. पाय दुखतात ना तुझे.' म्हणजे चार तारखेचं पत्र तू वाचलं होतंस. फाडलं नव्हतंस.

तू विचारलंस, 'तो मूळ कागद मला मिळेल?' मी म्हटलं, 'मूळ फाइलमध्ये राहतो. प्रत मिळते.' 'मग मागच्या बाजूची दे.' आणि घड्याळ बघून निघालीस. मी म्हटलं, 'आता त्या वर्गाची तुला गरज नाही.' तू म्हणालीस, 'जोडीदारीण एकटी पडेल. शेवटचा प्रयोग आहे.' रांगेतल्या त्या मुलीला वाट करून देऊन गेलीस. ताई म्हणाली नाहीस. तेही ठीक आहे.

आता कामाचं. मॅडमनी चार चाळीसला सही केली. दाखला शिक्क्यानं स्वतः नेऊन प्राध्यापकांच्या हातात दिला, वाटेत पळाला म्हणे, त्याच्या पोटाकडे बघता विश्वास बसत नाही. काल पत्र निघालं. जागा तुझी आहे. पदवीवर तारीख एकवीस वर्षांपूर्वीची पडली आहे. ती मी तीनदा तपासली.

माझ्या सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. बरोबर शब्द आहेत, मी वाचून सही केली. समारंभ नाही. उरलेले सहा आठवडे मला खिडकीवरून काढून तळघरातल्या जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. तिथे कोणी येत नाही आणि लिफ्ट थेट तिथवर जाते, त्यामुळे जिनेही चढावे लागत नाहीत. प्रत काढायचं यंत्र मात्र तिथेच आहे.

आज सकाळी तुझा कागद त्यात घातला. मागची बाजू तुला का हवी, मला कळेना. ती तर माझ्या अक्षरातली, गोळ्यांच्या वेळा. प्रत बाहेर आली तेव्हा उजेडात धरून बघितली. 'पहाटे पाच' याच्यापुढे पेन्सिलीचं काहीतरी होतं. मूळ कागदावर ते इतकं पुसट झालंय की माझ्या लक्षात आलं नव्हतं, किंवा मी कधी बघितलंच नव्हतं. मी ज्या ज्या वेळी तो कागद काढला, तुझ्या सहीची बाजू बघण्यासाठी काढला. यंत्रावर गडद करून पुन्हा काढली. आईचं अक्षर आहे. पलंगावरून हात लांबवून लिहिलेलं, वाकडंतिकडं. 'पाचचं मी माझं घेईन. पोरीला उठवू नका.'

तू ते वर्षभर रोज वाचत होतीस. मी कधीच वाचलं नाही.

दोन्ही बाजूंची प्रत सोबत जोडली आहे.

ताई